शाळेत पाठांतर कशाचे?

परळ-लालबागच्या चाळींतून आमच्या कष्टकरी बांधवांची मुले म्युनिसिपालिटीच्या शाळेत जातात, ती काय शिकावयास? १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी साफ सांगितले की, खजिना भरतो रयत आणि त्या पैशाची विद्या घेतात वरच्या वर्गाचे लोक. रयतेच्या मुलांस त्यांनी मागितले ते मोडी-बालबोध, हिशेब, शेतीची माहिती, आरोग्य व नीतीचे थोडे धडे. नीती मागितली, पोथी नव्हे.

मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा निघाला. त्यात मनाचे श्लोक व गीता यांचे पाठांतर सुचविले होते. शिवाय मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीचा श्लोक! शूद्रास विद्या नाकारणारा आणि १९२७ साली महाडास जाळला गेलेला हा ग्रंथ आमच्या पोरांस नीती शिकविणार काय?

घरी हरिपाठ म्हणा, नमाज पढा. आमची हरकत नाही. परंतु सर्वस्वी सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षण देऊ नये, असे घटनेचे २८ वे कलम सांगते. अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीवाचून मुलास त्यात बसविता येत नाही. ही संमती तुमच्यापाशी कोणी मागितली आहे काय? पुढच्या पालकसभेस जाल तेव्हा मास्तरांस हे जरूर विचारा. आणि मतदारयादी, रेशनचा अर्ज, वॉर्ड ऑफिसातली तक्रार ही कोणत्या इयत्तेत शिकविता, तेही विचारा.