पुसणारीचे स्थान

बीबीसीवर 1963 साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतील सहप्रवासी पात्र म्हणजे नायकाला स्पष्टीकरणाची संधी देणारी निव्वळ निवेदनप्रयुक्ती, असे वारंवार म्हटले जाते. उत्तर देणारा तो ज्ञाता आणि प्रश्न विचारणारी ती अज्ञ, हा न तपासलेला समज या मतामागे आहे. वऱ्हाडात तरी तो टिकू नये. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त महदाइसा चक्रधरांना सतत पुसत राहते, तिच्या पृच्छेवाचून कित्येक निरूपणे उद्भवलीच नसती. ‘धवळे’ रचणारी हीच पुसणारी आद्य मराठी कवयित्री मानली जाते. एक श्रद्धाग्रंथ, दुसरी करमणूक. परंतु संवादाला चालना देणारे स्थान दोहोंत एकच आहे. 1964 च्या अ‍ॅझ्टेक कथाभागात बार्बरा राइट ही इतिहासशिक्षिका नरबळी रोखू पाहते. इतिहास बदलता येत नाही, हे डॉक्टरचे उत्तर ती निमूटपणे स्वीकारत नाही. तिचा प्रयत्न फसतो. पण नैतिक पेच उभा राहतो तो तिच्यामुळेच. प्रश्नकर्तीला प्रयुक्ती ठरवणारी समीक्षा संहिता वाचतच नाही. गुरूच्या आसनावर बसून ती केवळ उत्तरे मोजते.