विश्लेषण: घरच्या जुन्या गाडीला ई२० पेट्रोल चालेल का? काय बदलावं लागेल आणि कायदा काय म्हणतो?

वडिलांच्या नावावरची प्रीमियर पद्मिनी, सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेली अ‍ॅम्बेसेडर किंवा घरात आलेली पहिली मारुती ८००. अशा गाड्या महाराष्ट्रात आजही अनेक घरांत जपल्या जातात. रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं, प्लग काढून साफ करायचे, ऑइल बघायचं आणि एक चक्कर मारून आणायची. कंपनीने पाठ फिरवली तरी जुन्या बाजारातले सुटे भाग आणि ओळखीचा मेकॅनिक यांच्या जोरावर या गाड्या चालत राहिल्या.

आता या गाड्यांच्या मालकांपुढे नवा प्रश्न आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि साध्या पेट्रोलचा पर्याय बहुतेक ठिकाणी नाही. यामुळे इंजिन खराब होतं का? घरच्या घरी काय करता येईल? आणि हा खर्च कोणी सोसायचा?

ई२० म्हणजे काय आणि ते आलं कसं?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल आणि ८० टक्के पेट्रोल. भारतात इथेनॉल मुख्यतः ऊस, मका आणि तांदळापासून तयार होतं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांसाठी हे उत्पन्नाचं मोठं साधन झालं आहे. साखरेचे भाव पडले तरी इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून मिळतात आणि त्यातून ऊस उत्पादकांची देणी भागवणं सोपं जातं. कच्च्या तेलाची आयात कमी करणं हा सरकारचा दुसरा हेतू आहे.

२०१४ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल दीड टक्क्याच्या आसपास होतं. २०२२ च्या मध्यावर ते १० टक्क्यांवर गेलं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं, ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठलं गेलं. मात्र ई२० साठी योग्य सुटे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बाजारात येऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्या कमी इथेनॉलचा किंवा इथेनॉलच नसलेल्या पेट्रोलचा विचार करून बनल्या आहेत. पद्मिनीचं उत्पादन विसाव्या शतकाबरोबर संपलं, मारुती ८०० आणि अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाल्या.

जुन्या गाडीत नेमकं काय बिघडतं?

समाजमाध्यमांवर इंजिन बंद पडल्याचे व्हिडिओ फिरतात. ई२० टाकलं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन जाम झालं, असं सहसा होत नाही. खरे परिणाम हळू होतात आणि ते प्रामुख्याने तीन आहेत.

पहिला परिणाम रबरावर. जुन्या गाड्यांचे पेट्रोल पाइप, पेट्रोल पंपातला पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग ज्या रबराची किंवा बुचाच्या लाकडाची असतात, ती इथेनॉलमुळे फुगतात, मऊ पडतात किंवा कडक होऊन तडकतात. यात खरा धोका आगीचा आहे. तडकलेल्या पाइपमधून पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकलं तर गाडी पेटू शकते.

दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. थोडं पाणी मिश्रणात सामावतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. तिथूनच पेट्रोल ओढलं जातं. त्यामुळे गाडी सुरू होत नाही, पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढतो आणि कार्बोरेटरच्या धातूवर पांढरी पूड दिसते. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा त्रास जास्त होतो.

तिसरा परिणाम हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा पट पुरते. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला मात्र हे कळत नाही, तो जेटच्या भोकातून पूर्वीइतकंच पेट्रोल सोडतो. मिश्रणात हवा जास्त होते. त्यामुळे सकाळी गाडी पटकन सुरू होत नाही, पिकअप कमी होतो, मिसिंग येतं आणि इंजिन जास्त तापतं.

याशिवाय इथेनॉल जुन्या टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकट थर सोडवतं. तो फिल्टर आणि जेटमध्ये अडकतो. ई२० सुरू झाल्यावर पहिल्या काही टाक्यांत गाडी अडखळते, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

अ‍ॅव्हरेज किती कमी होतं?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातल्या अंदाजानुसार, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीची इंधनक्षमता ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते.

समजा, जुनी गाडी लिटरला १४ किलोमीटर जात होती, ती आता १३ च्या आसपास जाईल. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवणाऱ्याला साधारण २५ लिटर पेट्रोल जास्त लागेल. लिटरचा भाव शंभर रुपये धरला तर हा खर्च अडीच हजार रुपयांच्या घरात जातो. अर्थात, २०२२ पासून पंपावर ई१० होतंच. त्यामुळे ई१० वरून ई२० वर येताना जाणवणारा फरक याच्या निम्म्याच्या जवळपास असतो. अ‍ॅव्हरेज त्याहून खूप जास्त पडलं असेल तर दोष इथेनॉलवर ढकलण्याआधी प्लग, एअर फिल्टर, ब्रेक आणि टायरमधली हवा तपासायला हवी.

घरी काय करता येईल?

पाइपपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप हाताने दाबून पाहावेत. चिकट, फुगलेले किंवा तडे गेलेले पाइप बदलून इथेनॉलला टिकणारे पाइप लावावेत. घेताना पाइपवर छापलेला ‘एसएई जे३० आर९’ हा दर्जा पाहावा. क्लॅम्पही नवे लावावेत.

पेट्रोल पंप आणि कार्बोरेटरचे दुरुस्ती किट पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० साठी सुट्या भागांच्या बाजारात अजून शोधता येतात. किट कोणत्या काळातलं आहे, हे दुकानदाराला विचारावं. वीस वर्षं दुकानात पडून राहिलेलं ‘ओरिजिनल’ रबर इथेनॉलसमोर टिकेलच असं नाही.

फिल्टर स्वस्त असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो दोनदा बदलला तरी चालेल. पारदर्शक फिल्टर लावला तर आतला गाळ आणि पाणी डोळ्यांना दिसतं.

कार्बोरेटरच्या मिक्श्चर स्क्रूने मंद गतीवरचं मिश्रण घरी जुळवता येतं. रस्त्यावर वेगात असताना मात्र मेन जेटचं काम असतं, आणि तो किंचित मोठा लावायचा असेल तर अनुभवी मेकॅनिककडूनच लावून घ्यावा. त्यानंतर पीयूसी तपासणी करावी. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि गाडी नापास होते.

गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नये. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून ओलावाही कमी. टाकीच्या झाकणाचं रबर घट्ट आहे का ते पाहावं. पंधरा दिवसांतून एकदा गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवावी. जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून हा उद्देश साधत नाही. सहा महिने गाडी हलणारच नसेल, तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करणं बरं.

‘प्रीमियम’ पेट्रोल घेतलं की इथेनॉल टळतं, हा समज चुकीचा आहे. ऑक्टेन जास्त असणं आणि इथेनॉल नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

काय टाळावं?

पेट्रोलच्या कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये पेट्रोल काढू नये, कारण वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. गाडीखाली जायचं तर फक्त जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ फुंकून उडवू नये. काढलेलं ऑइल गटारात ओतू नये. ते गॅरेजमध्ये द्यावं.

कायदा काय म्हणतो?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवून पाच-पाच वर्षांसाठी पासिंग करून घेता येतं. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये केलं. २०२२ पूर्वी हेच शुल्क ६०० रुपये होतं.

दिल्लीत १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर जसे निर्बंध आले, तसे महाराष्ट्रात खासगी गाड्यांवर नाहीत. मुंबईत टॅक्सींसाठी २० वर्षांची मर्यादा होती आणि त्यामुळेच ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनीला तो नियम लागू नाही.

पाइप, पॅकिंग, जेट बदलणं ही देखभाल झाली. पण आरसीवरचा तपशील बदलेल असे बदल, म्हणजे वेगळं इंजिन किंवा वेगळं इंधन, आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत.

‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम २०२१ मध्ये आले. त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. नव्या नोंदणीला २०,००० आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये शुल्क आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं किंवा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या पहिल्या मारुती ८०० लासुद्धा यासाठी २०३३ पर्यंत थांबावं लागेल. म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बहुतेक गाड्या कायद्याच्या नजरेत ‘वारसा’ ठरत नाहीत. त्या फक्त जुन्या गाड्या आहेत.

इतर देशांनी काय केलं?

ब्राझीलमध्ये इथेनॉलचं प्रमाण भारतापेक्षाही जास्त आहे, पण तिथल्या बहुतेक गाड्या कोणत्याही मिश्रणावर चालतील अशाच बनतात. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई१० हे नेहमीचं पेट्रोल केलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई५ हा पर्याय महागड्या पेट्रोलच्या रूपात ठेवला.

भारतातही इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी याचिका झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पेट्रोलियम मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार ई२० बद्दलची भीती बहुतांशी निराधार आहे. काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊ शकतं, असं मंत्रालयाने म्हटलं आहे. ई२० मुळे विमा रद्द होत नाही, असाही खुलासा झाला. मात्र साधा मोटार विमा अपघात आणि चोरीसाठी असतो. झिजलेल्या किंवा फुगलेल्या पाइपचा खर्च त्यात मुळातच बसत नाही.

मग खर्च कोणाचा?

जुन्या गाड्यांनी इंधनातला बदल याआधीही पचवला आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हाही अशीच चिंता होती. योग्य पाइप, स्वच्छ टाकी आणि जुळवलेला कार्बोरेटर असेल तर पद्मिनी किंवा मारुती ८०० ई२० वरही चालेल. केवळ या कारणासाठी चांगली गाडी भंगारात देण्याची गरज नाही.

पण जुनी गाडी हौस म्हणून ठेवणारा आणि नवी परवडत नाही म्हणून चालवणारा, हे दोघे वेगळे आहेत. पहिल्याला किट आणि मेकॅनिकचा खर्च जड जात नाही. दुसऱ्याला पंपावर निवड नाही, नूतनीकरणाचं शुल्क वाढलेलं आहे आणि पाइप बदलण्याची सूचनाही कोणी घरी येऊन देत नाही. इथेनॉलचा फायदा शेतकरी, कारखाने आणि देशाच्या तिजोरीत विभागला जातो, तर जुन्या गाडीची डागडुजी एकट्या मालकावर येते. त्यामुळे आज तरी पहिलं काम त्यानेच करायचं आहे: बॉनेट उघडून पेट्रोलचा पाइप तपासणं.