गोळी पोटात एकटी जात नाही

रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणारी गोळी मध्यमवर्गीय घरांत आता रक्तदाबाच्या गोळीशेजारी कायमची येऊन बसली आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्दो यांनी १९७३ मध्ये बुरशीतून शोधलेल्या द्रव्यापासून स्टॅटिन वर्गातील औषधांचा इतिहास सुरू होतो. हृदयविकाराचा झटका टाळण्यातील त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. चिंता वाटावी ती ती घेण्यातील बेफिकिरीची.

या बेफिकिरीची किंमत जगाने एकदा मोजली आहे. सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले. स्नायू झिजून मूत्रपिंडे निकामी झाल्याने रुग्ण दगावले होते, आणि जोडीला जेमफायब्रोझिल घेणाऱ्यांना हा धोका विशेष होता.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. सिम्वास्टॅटिन व अटॉर्व्हास्टॅटिन यांचा शरीरातून निचरा करणाऱ्या एन्झाइमलाच क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके आणि इट्राकोनॅझोलसारखी बुरशीनाशके जखडून टाकतात. मग नेहमीचीच मात्रा कित्येक पटींनी भारी ठरते. ग्रेपफ्रूटचा रस हेच करतो; आपल्याकडील पपनसही त्याच कुळातले आहे. संत्र्यामोसंब्यांना मात्र हा दोष लागत नाही. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्याने सिम्वास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमहून अधिक घेऊ नये, असा दंडक आहे. रोसुव्हास्टॅटिनबरोबरच अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे आम्लपित्तावरील औषध घेतल्यास गोळीचा प्रभाव घटतो. ते दोन तासांनी घ्यावे. सिम्वास्टॅटिन संध्याकाळी घ्यावयाचे असते. अटॉर्व्हास्टॅटिनला जेवणाचे वा वेळेचे बंधन नाही, नियमितपणाचे आहे.

परंतु हे सारे रुग्णाला सांगावयाचे कोणी? हृदयरोगतज्ज्ञ एक चिठ्ठी देतो, त्वचारोगतज्ज्ञ दुसरी, आणि संपूर्ण यादी कोणाच्याच डोळ्यांखालून जात नाही. चिठ्ठीवाचून ही औषधे विकू नयेत हा कायदा आहे. पण जुनी पट्टी दाखवून नवी मिळविण्याची प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे. औषधविक्रेत्याने ‘आणखी काय घेता?’ एवढा प्रश्न विचारणे आणि सूचना मराठीत लिहून देणे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

रुग्णाचीही जबाबदारी आहेच. घरातील सर्व औषधांची यादी त्याने प्रत्येक डॉक्टरापुढे ठेवली पाहिजे. अकारण स्नायू दुखू लागले, अशक्तपणा आला वा लघवी गडद झाली, तर विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा. मात्र भीतीपोटी परस्पर गोळी बंद करणे हाही तितकाच अविचार होय. औषधाची भीती नको, त्याची शिस्त हवी.