सावित्रीबाईंचे दुसरे लुगडे

आषाढीची दिंडी असो वा ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, हल्ली मुलांना सजवायचे म्हटले की पालक भाड्याच्या पोशाखाकडे धावतात. आपल्या तळेगाव ढमढेरेसारख्या गावात ज्यांचे हातावर पोट, त्यांचे मूल मग त्या दिवशी घरीच राहते. हे मला खटकते.

वास्तविक पोशाखाला लागते काय? विठोबाचा मुकुट लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा होतो, पीतांबर आजोबांच्या उपरण्याचा. गाडगेबाबांना तर पैसाही लागत नाही : चिंध्या, खापर नि खराटा! आणि सावित्रीबाई? आईचे जुने लुगडे, ठसठशीत कुंकू आणि हातात पिशवी. पिशवीत दुसरे लुगडे. कारण १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाल्यावर वाटेत त्यांच्या अंगावर शेण फेकले जाई, आणि शाळेत पोहोचल्यावर त्या लुगडे बदलीत. भाड्याच्या पोशाखाबरोबर ही पिशवी येत नाही. ती घरी भरताना मुलगी ‘कशाला?’ म्हणून विचारते. (आईलाही मग कुणाला तरी विचारावे लागते, हे आणखी बरे!)

अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून आपल्यापैकीच कुणाला, कधी प्राध्यापकांना बोलावतात. त्यांनी जरीला गुण देणे थांबवावे आणि पोशाख कशाचा, कुणी केला, हे त्या मुलालाच विचारावे.