अंतरपाटापाशी कॅमेरा

शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं. अक्षता मुठीत धरून सगळा मांडव उभा. अंतरपाट दूर होतो आणि नेमक्या त्याच क्षणी वधूवरांसमोर तीन कॅमेरेवाल्यांच्या पाठी येतात. पहिल्या रांगेतल्या आजीला नातीचा चेहरा दिसतच नाही. वर फर्मान सुटतं, “भैया, माला एक बार फिर से!”

जबलपुरातल्या मराठी लग्नांत हे वरचेवर दिसतं, आणि त्याला कारण आहे. नागपूरकर भोसल्यांचा इथला अंमल १८१७ साली संपला, पण मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदत आहेत आणि लग्नातले विधीही त्यांनी जपले आहेत. फोटोवाला मात्र बहुधा हिंदी भाषक. त्याच्या ओळखीच्या लग्नात जयमाला स्टेजवर, फोटोसाठी थांबत थांबत होते; फेरे मागाहून, रात्री उशिरा. आपल्याकडे माळ पडते ती पंचांग पाहून काढलेल्या मुहूर्तावर. ती पुन्हा घालायला लावली की उरते नुसती पोझ.

आणि हेच लोक पॅकेजमध्ये ‘कँडिड’चे वेगळे पैसे लावतात! ज्याच्या कामामुळे हा शब्द छायाचित्रणात रुळला, तो जर्मनीचा एरिख सालोमन १९२८च्या सुमारास कोर्टात आणि राजकीय परिषदांत फोटो काढायचा. अंगावर समारंभाला शोभेल असा पोशाख, हातात छोटा अर्मॅनॉक्स कॅमेरा, आणि फ्लॅश नाही. माणसं आपल्याच नादात असताना तो त्यांना टिपायचा. आजचे मिररलेस कॅमेरे तर आवाजही न करता मंद उजेडात काम करतात. मग होमापाशी बसलेल्या गुरुजींच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत कशासाठी?

फोटो काढून झाल्यावरचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाठवणीच्या वेळी हुंदके देणारी मुलगी दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी जाहिरातीच्या रीलमध्ये दिसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ स्पष्ट आहे: मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणून सहीआधी करार नीट वाचावा. आणि करारात काहीही असो, असा फोटो लावण्याआधी त्या मुलीला विचारायलाच हवं.

सगळा दोष फोटोवाल्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांपाशी प्री-वेडिंग करायला अख्खा दिवस देणारी घरं लग्नाचा क्रम सांगायला त्याला अर्धा तासही देत नाहीत. सीमांतपूजनाच्या दिवशीच त्याला गुरुजींशेजारी बसवावं. घरातली एक जाणती मावशी किंवा आत्या त्याच्या दिमतीला द्यावी. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या कधी घालतो, नवरदेवाचा कान कधी पिळतो, हे तिने त्याला आधीच सांगावं. कानपिळी दोन क्षणांत उरकते. ठाऊक नसेल तर तेव्हा तो बॅटरी बदलत असतो. ठाऊक असेल तर सहा हात लांब, मोठी लेन्स लावून, कुणाच्याही आड न येता बसलेला असतो.