खोली बघताना बसथांबाही बघा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की धाराशिव, कळंब, तुळजापूर, उमरग्यातल्या काही घरांत मोठ्या बॅगा भरल्या जातात. कुणी शैक्षणिक कर्ज काढून, कुणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला, बर्लिनला शिकायला निघतं. घरात चर्चा चालते ती व्हिसाची, फीची आणि स्वस्त खोलीची. त्या खोलीतून रोज कॉलेजला कसं जायचं, हे मात्र बहुधा तिथं पोहोचल्यावरच कळतं. माझ्या मते हा प्रश्न खोली ठरवण्याआधी विचारायला हवा, कारण मुलांची झोप, व्यायाम आणि सुरक्षितता त्यावर अवलंबून असते.

आधी चांगली बाजू. आपल्याकडे कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडीला किक मारली जाते. परदेशात ती गाडी सुटते आणि पाय कामाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. भरभर चालणं त्यातच येतं. खोलीपासून थांबा सात मिनिटांवर आणि उतरल्यावर कॉलेज आठ मिनिटांवर असेल, तर जाऊन-येऊन रोज अर्धा तास होतो. पाच दिवसांचे १५० मिनिटं झाले! जिमची फी वाचली.

दुसरा फायदा उजेडाचा. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा सुमारे अकरा तासांचा दिवस असतो. झोपेचं शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. दिवसभर खोलीत बसून लॅपटॉपवर वर्ग ऐकणाऱ्याचं हे घड्याळ बिघडतं, रात्री झोप येत नाही, दिवसा उदास वाटतं. सकाळी थांब्यापर्यंत चालत जाणाऱ्याला हा उजेड आपोआप मिळतो, आभाळ भरलेलं असलं तरी.

पण सगळं खोली कुठे आहे यावर ठरतं. भाडं कमी म्हणून शहराच्या टोकाला खोली घेतली आणि जायला दीड तास, यायला दीड तास लागला, तर आठवड्याचे १५ तास प्रवासात गेले. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. म्हणजे जवळजवळ एका अर्धवेळ नोकरीइतका वेळ बसमध्ये. हा वेळ शेवटी झोपेतूनच कापला जातो. प्रौढाला किमान सात तास झोप लागते. रात्री उशिरा काम संपवून दोन बस बदलणाऱ्याला ती कुठून मिळणार? वाचलेलं भाडं मग तब्येतीतून वसूल होतं.

आणखी एक धोका कुणी सांगत नाही. लंडनमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. जर्मनीत, अमेरिकेत ती उजवीकडून चालतात, बसचं दारही उजवीकडे उघडतं. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीनं आधी उजवीकडे वळते, आणि तिथं गाडी डावीकडून येते. १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर विन्स्टन चर्चिल याच सवयीमुळे मोटारीखाली सापडले आणि रुग्णालयात दाखल झाले. सवय मेंदूत इतकी घट्ट बसलेली असते की नियम माहीत असूनही घाईत चूक होते. म्हणून पहिले काही आठवडे सिग्नलवरच, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडावा. बस निघून गेली तरी चालेल.

काही गोष्टी इथूनच करता येतात. खोलीचे पैसे भरण्याआधी नकाशावर सकाळी आठची आणि रात्री अकराची बस बघा. किती वेळ, किती बदल, शेवटची गाडी कधी, हे लिहून ठेवा. लंडनच्या बसमध्ये २०१४पासून रोख पैसे घेत नाहीत, तेव्हा कार्ड कोणतं चालतं ते विचारा. विद्यार्थी सवलतीचा पास पहिल्याच आठवड्यात काढा. निघण्याआधी महिनाभर गाडी घरी ठेवून पायी फिरा.

या बाबतीत आपल्या खेड्यातली मुलं मागे नाहीत. पास काढून रोज एसटीनं धाराशिवला आलेल्या मुलीला वेळापत्रक, गाडीची वाट बघणं, शेवटची गाडी चुकली तर काय, हे सगळं पाठ असतं. मुक्कामी गाडीच्या भरवशावर जिनं बारावी काढली, तिला बर्लिनची बस अवघड जाणार नाही. तिला खोली मात्र थांब्याजवळ मिळू द्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी.