दौंडचा सिग्नल आणि पुण्याचा ‘परम’

१/ पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्याची कथा आपण बहुधा एकाच सुरात सांगतो: अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली उत्तर दिले. कथा खरी आहे, पण अपुरी आहे. ‘परम’चा इतिहास वेगापेक्षा समन्वयाचा आहे, असे माझे मत आहे. ते पटवण्यासाठी आधी दौंडला जाऊ.

२/ सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंड आहे. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि ते जंक्शन बनले. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर इंजिनाचा वेग कुचकामी ठरतो. म्हणून रेल्वेने दोन उपाय योजले. पहिला, हात आडवा करून गाडी थांबवणारा सेमाफोर सिग्नल. दुसरा, ‘लाइन क्लिअर’: पुढच्या स्टेशनमास्तरांची संमती आल्याखेरीज गाडी सोडायची नाही.

३/ एकच स्मृती अनेक प्रक्रिया वापरू लागल्या की तोच पेच संगणकात उभा राहतो. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात त्यावर जे साधन सुचवले, त्याला रेल्वेच्या सिग्नलचेच नाव दिले: सेमाफोर.

४/ ‘परम ८०००’ने दुसरी वाट धरली. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. ६४ प्रोसेसरांची जोडणी होई. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र, प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे. घेणारा तयार होईपर्यंत संदेश देणारा थांबून राही. हीच ती ‘लाइन क्लिअर’!

५/ या थांबण्याची किंमत मोठी असते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा एक दशांश भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर हजार प्रोसेसर जोडूनही वेग दहापटीपलीकडे जात नाही. म्हणजे खरी कसोटी काम वाटून देणाऱ्या आज्ञावलीची.

६/ आता भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात या. चासकमान कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी पाळीने द्यावे लागते. वरच्यांनीच उपसले, तर शेवटच्या शेतकऱ्याची पाळी येतच नाही. म्हणून ‘पुच्छाकडून मुखाकडे’ हा दंडक आहे. ज्या प्रक्रियेची पाळी कधीच येत नाही, तिची ‘उपासमार’ झाली, असे संगणकशास्त्रही म्हणते.

७/ म्हणूनच केवळ ‘आपणही यंत्र बनवले’ या अभिमानावर थांबणारा इतिहास मला तोकडा वाटतो. त्यात नेत्याचे नाव उरते, यंत्राचा आकडा उरतो. चौसष्ट प्रोसेसरांना एकमेकांसाठी थांबायला शिकवणारे आज्ञावलीकार मात्र गळून पडतात. स्टेशनमास्तर आणि पाटकरी यांचेही तेच झाले. त्यांच्या नोंदवह्या आणि आठवणी आजही मिळवता येतील. मित्रहो, आपल्या गावापासून आरंभ करा.